जुन्या पुस्तकांची नोंद करताना काय लिहायचं आणि काय नाही (हे काम पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी)

मी ग्रंथपाल नाही. कॉमर्स केलं, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि पेठेतल्या वाचनालयाच्या कमिटीवर आहे, तेही कमिटीत एक तरी तरुण दिसायला पाहिजे म्हणून. तर चार वर्षांपूर्वी वाचनालयातली दोन लोखंडी कपाटं उघडली, ज्यांची किल्ली कित्येक वर्षं सापडत नव्हती, आणि आत निघाली साधारण चारशे पुस्तकं, पोथ्या, चोपडी. काही मराठी, काही कानडी, तेलुगू, थोडी उर्दू, म्हणजे आख्खं सोलापूरच कपाटात बसलेलं. अध्यक्ष म्हणाले, "मालक, तेवढी यादी करून टाका, दोन रविवारचं काम आहे." आणि खरंच दोन रविवारात झालं. नाव, लेखक, साल, किंमत, संपलं. पुढच्या वर्षी ती यादी जशीच्या तशी रद्दीत घालावी लागली.

झालं असं की एका पुस्तकावर 'शके १८०५' होतं आणि मी सालाच्या रकान्यात सरळ १८०५ टाकलं. कॉम्प्युटरने सालाप्रमाणे यादी लावल्यावर ते पुस्तक सगळ्यात वर आलं आणि वर्धापनदिनाच्या स्टेजवरून जाहीर झालं की आपल्याकडे १८०५ चं छापील मराठी पुस्तक आहे. १८०५ म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम कॅरेचं मराठी व्याकरण छापून निघालं ते साल! (ते श्रीरामपूर वेगळं, आपल्या नगरकडचं नव्हे, यातही लोक फसतात.) पुण्याहून एक अभ्यासक बाई खास ते बघायला आल्या. पुस्तक उघडलं, पहिलं पान बघितलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाल्या, "दादा, हे शके आहे ओ." आम्ही त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, दुसरं काय करणार.

नंतर विचार केला तेव्हा कळलं की चूक बेरजेची नव्हतीच. पुस्तकावर काय छापलंय आणि त्यावरून मला काय वाटलं, ह्या दोन गोष्टी मी एकाच रकान्यात कोंबल्या होत्या. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

सुरू करण्याआधी जवळ काय पाहिजे

- मऊ शिसपेन्सिल, २बी. पुस्तकाच्या टेबलावर पेन आणायचंच नाही, शाईचं तर नाहीच.
- भिंग, चांगल्यापैकी.
- प्लास्टिकची पट्टी. लोखंडी नको, तिच्या कडेने पान फाटतं.
- दोन जाड टॉवेल. सोलापुरात याची काय कमी! गुंडाळी करून पुस्तकाच्या दोन्ही पुठ्ठ्यांखाली ठेवायची, म्हणजे पुस्तक अर्धवट उघडं राहतं आणि पाठ मोडत नाही.
- मोबाईल आणि त्याचा स्टँड.
- मास्क. धूळ आणि बुरशी दोन्ही असतं.
- पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या, खुणेसाठी आणि नंबर लिहून पुस्तकात ठेवायला.
- जुनी दाखल नोंदवही, देणगीची पावतीपुस्तकं, इतिवृत्ताच्या वह्या, जे काही वाचनालयात शिल्लक असेल ते. हे लोक विसरतात, आणि अर्धी उत्तरं त्यातच असतात.

हातमोजे नकोत. कापडी मोजे घातले की बोटांना पान कळत नाही आणि कोपरा तुटतो. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, बास. एप्रिल-मे शक्यतो टाळा, आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात आधीच कडकडीत झालेला कागद नुसता उलटला तरी पापडासारखा मोडतो, आणि पंखा फुल लावला की तुकडे उडून कुठल्या पुस्तकातले कुठे जातात ते देवाला माहीत.

१. आधी ठरवा, कुठल्या पुस्तकाला किती वेळ

सगळ्या चारशे पुस्तकांची सविस्तर नोंद करायला बसलात तर पन्नासाव्याला थकाल आणि उरलेली साडेतीनशे तशीच राहतील. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत प्रत्येक पुस्तकाची छोटी नोंद: नंबर, नाव, लेखक, छापलेलं साल, ठिकाण, छापखाना, उंची, शेवटच्या पानाचा आकडा, भाषा-लिपी आणि दोन फोटो. एका पुस्तकाला दहा मिनिटं, त्याच्यावर नाही. दुसरी फेरी निवडक पुस्तकांची.

निवडक कुठली, हे कमिटीकडून लेखी ठरवून घ्या, नाहीतर प्रत्येकाचं आवडतं पुस्तक दुर्मिळ निघतं. आम्ही चार खुणा धरल्या. पहिली, १८६७ पर्यंतची सगळी मराठी मुद्रितं, ज्यांना आपल्याकडे दोलामुद्रितं म्हणतात. १८६७ हीच रेघ, कारण त्या वर्षी सरकारने २५ वा आक्ट (म्हणजे कायदा) आणला आणि तिथून पुढे छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद व्हायला लागली. दुसरी, १९५० पर्यंत सोलापुरात छापलेलं काहीही, अगदी जाहिरातीचं चोपडंसुद्धा, कारण ते आपण ठेवलं नाही तर दुसरं कोण ठेवणार? तिसरी, ज्या प्रतीवर हाताने काही लिहिलंय किंवा शिक्का आहे अशी. चौथी, दाते सूचीत (जुन्या मराठी पुस्तकांच्या मोठ्या छापील यादीत) न सापडणारी, पण तिच्यावर खाली वेगळं लिहितो.

पुस्तक जुनं आहे म्हणून दुर्मिळ होत नाही, हे घरच्यांना समजावून सांगायला लागतं. गाजलेल्या धार्मिक ग्रंथाची १९१० ची आवृत्ती दर तिसऱ्या घरात माळ्यावर असते, आणि १९४० मधल्या एखाद्या स्थानिक नाटक मंडळीच्या पदांचं आठ पानी पुस्तक जगात दुसरं नसेलही.

२. तीन रकाने वेगळे, काही झालं तरी

वही असू दे की एक्सेल, प्रत्येक माहिती तीनपैकी एका खात्यात जाते. हिशेबवाला माणूस आहे, म्हणून मला हे असंच सुचलं.

पहिलं खातं: पुस्तकावर छापलंय ते. जसंच्या तसं, चुकीचं असलं तरी.

दुसरं खातं: आपण काढलेलं, ताडलेलं, अंदाजाने ठरवलेलं. हे चौकोनी कंसात, आणि खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे [१८६९?]. आणि कशावरून काढलं ते टिपेत: 'प्रस्तावनेच्या तारखेवरून'.

तिसरं खातं: फक्त आपल्या प्रतीचं. फाटलेलं पान, सही, शिक्का, बांधणी. त्याच आवृत्तीची मुंबईतली प्रत असेल तिच्यावर हे नसणार.

ग्रंथालयाचं शिक्षण घेतलेली मंडळी हेच जास्त शिस्तीने करतात. त्यांच्यासाठी दुर्मिळ पुस्तकांच्या वर्णनाचे वेगळे नियमच आहेत, डीसीआरएम(बी) नावाचे, २००७ चे, आणि मार्क २१ मध्ये (ग्रंथालयांच्या कॉम्प्युटर नोंदीचा ठरलेला साचा) प्रतीचा मालकी-इतिहास ५६१ ला आणि बांधणी ५६३ ला अशी वेगवेगळी घरं आहेत. तुम्हाला आज ते आकडे पाठ करायची गरज नाही. पण तीन खाती वेगळी ठेवलीत तर उद्या कुणी जाणकार तुमची यादी उचलून कोहासारख्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका आठवड्यात बसवू शकतो. मिसळलीत तर परत चारशे पुस्तकं उघडावी लागतात. आम्ही उघडली.

३. नाव लिहायचं ते शीर्षकपानावरून, मुखपृष्ठावरून नाही

मुखपृष्ठावर एक नाव, आतल्या शीर्षकपानावर दुसरं आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर तिसरंच, असं सर्रास असतं. मुख्य नाव आतल्या शीर्षकपानाचं. बाकीची टिपेत, कारण शोधणारा माणूस कुठल्या नावाने येईल सांगता येत नाही.

जुनं लेखन सुधारायचं नाही. 'नाहीं', 'घरें', 'इंग्रेजी' असं असेल तर तसंच. आपले शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ चे, त्यात न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याच्या आधीच्या पुस्तकांत अक्षरांच्या डोक्यावर अनुस्वारांचं सारवण असतंच. पण मग अडचण अशी की कुणी आजच्या पद्धतीने टाईप करून शोधलं तर सापडत नाही. म्हणून शेजारी एक जास्तीचा रकाना ठेवा, 'आजच्या लेखनाप्रमाणे नाव'. हा रकाना दुसऱ्या खात्यातला, तुमचा. मी सुरुवातीला शहाणपणाने सगळी नावं शुद्ध करून टाकली होती, आणि मग दोन आवृत्त्यांमधला फरकच पुसला गेला, कारण एकीत अनुस्वार होता आणि दुसरीत नव्हता.

गावाच्या नावाचंही तेच. पुस्तकावर 'शोलापूर' छापलं असेल तर शोलापूरच लिहा, शोधायच्या रकान्यात सोलापूर. जीवराज जैन ग्रंथमालेसारखी इथली जुनी प्रकाशनं हातात आली की हे लगेच जाणवेल, मजकूर संस्कृत-प्राकृत, प्रस्तावना इंग्रजी, आणि गावाचं नाव शोलापूर.

लेखकाचं नाव तर खरा चकवा. शीर्षकपानावर नुसतं 'विष्णुशास्त्री' असेल तर लगेच चिपळूणकर लिहून मोकळं होऊ नका. विधवाविवाहाच्या चळवळीतले विष्णुशास्त्री पंडित वेगळे, ते १८७६ ला गेले, आणि चिपळूणकर १८८२ ला, म्हणजे काळ एकमेकांवर चढलेला. दोघांतला कोण हे प्रस्तावना, विषय आणि सूची बघून ठरवा, ठरलं नाही तर ठरवू नका. छापलंय तेवढं पहिल्या खात्यात, बाकी कोरं. कोरा रकाना ही काही चूक नाही, पण माझ्या कमिटीला हे पटायला वर्ष लागलं, त्यांना कोरा रकाना म्हणजे कामचुकारपणा वाटायचा.

४. साल: इथे घाई करू नका

सालाला चार रकाने द्या. हो, चार. छापलेला आकडा, कुठली गणना (शके, संवत, इसवी, वीर निर्वाण, हिजरी), महिना-तिथी असल्यास ती, आणि इसवीतलं साल.

शके असेल तर गुढीपाडवा ते डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. माझं ते पुस्तक शके १८०५ च्या फाल्गुनातलं, म्हणजे १८८४. महिना नसता तर '१८८३-८४' असं दोन्ही लिहायचं, एक निवडायचं नाही.

आपल्याकडे जैन पुस्तकांवर वीर निर्वाण संवत असतो. तो दिवाळीला बदलतो. दिवाळी ते डिसेंबर ५२७ वजा, जानेवारी ते दिवाळी ५२६ वजा. कार्तिकात सुरू होणाऱ्या विक्रम संवताला ह्याच हिशेबाने ५७ आणि ५६. हिजरीला असा एकच आकडा चालत नाही, ते वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस लहान असतं, तक्ता बघावा लागतो, उर्दू चोपड्यांना तो घेऊनच बसा.

एक युक्ती सांगतो, मला एका पंचांगवाल्या काकांनी शिकवली. पुस्तकावर संवत्सराचं नाव असेल तर शक तपासता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या नंबरचा संवत्सर, प्रभव पहिला धरून. १८०५ अधिक १२ म्हणजे १८१७, साठाने भागलं की बाकी १७, आणि सतरावा सुभानु. माझ्या त्या पुस्तकावर 'सुभानुनाम संवत्सरे' असं स्वच्छ छापलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. शेवटचा आकडा उडालेला किंवा शाईने भरलेला असेल तेव्हा ही युक्ती फार कामाला येते.

साल छापलेलंच नसेल तर शोधायच्या जागा: प्रस्तावनेखालची तारीख, मागच्या जाहिराती, आणि हक्काबद्दलचं वाक्य. '१८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे' असे शब्द असतील तर पुस्तक त्याच्या आधीचं नाही एवढं नक्की. प्रस्तावनेची तारीख म्हणजे छपाईची तारीख नव्हे, पुढच्या आवृत्तीत जुनीच प्रस्तावना तारखेसकट परत छापतात. शके १७९० च्या माघातली प्रस्तावना असेल तर [१८६९?], प्रश्नचिन्हासकट.

आणि वाचकाने हाताने घातलेली तारीख ही त्याने पुस्तक घेतलं तेव्हाची. ती तिसऱ्या खात्यात.

५. पानं मोजणं

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं.

पान म्हणजे दोन अंगांचा कागद, पृष्ठ म्हणजे त्याचं एक अंग. बोलताना आपण दोन्हीला पान म्हणतो आणि यादीत गोंधळ होतो. आडव्या पोथीत बहुतेकदा पानाला एकच आकडा असतो, दर पृष्ठाला नाही. म्हणजे शेवटचा आकडा ४८ असेल तर पृष्ठं ९६. म्हणून नोंदीत आकड्यापुढे 'पा.' की 'पृ.' ते लिहिलंच पाहिजे.

पुस्तकाच्या सुरुवातीला प्रस्तावनेचे आकडे वेगळे, मजकुराचे वेगळे, मागे शुद्धिपत्राचे वेगळे. सगळ्यांची बेरीज करू नका. जसे आहेत तसे ओळीने लिहा आणि आकडा नसलेली पृष्ठं मोजून चौकोनी कंसात: [४], ८, २१२, [२] पृ. हे बघून दुसऱ्या गावातला माणूस फोनवर सांगू शकतो की त्याच्या प्रतीत शुद्धिपत्र आहे आणि तुमच्यात नाही. बेरीज करून २२६ लिहिलं असतं तर काय कळलं असतं त्याला?

मधलं पान गहाळ आहे का हे बघायला आकडे पुरत नाहीत, आकडेच चुकीचे छापलेले असतात. पानाच्या तळाशी कुठेकुठे फर्म्याचा (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीचा) छोटा आकडा असतो, तो बघा. फर्मा सोळा पृष्ठांचा असेल तर दर सोळा पृष्ठांनी पुढचा आकडा यायला पाहिजे. मजकूर तुटत नसेल, फर्मा जुळत असेल आणि फक्त पृष्ठांकच उडी मारत असेल तर पान हरवलेलं नाही, जुळाऱ्याची, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याची, डुलकी आहे. तसं टिपेत लिहा.

उंची सेंटीमीटरमध्ये, वरच्या पूर्ण आकड्यात. १७.२ असेल तर १८. पोथी आडवी असेल तर उंची गुणिले रुंदी.

एका बांधणीत दोन-तीन पुस्तकं एकत्र शिवलेली असतात, पूर्वी लोक खर्च वाचवायला असं बाड करून घ्यायचे. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करा आणि 'अमुक नंबरबरोबर बांधलेलं' असं लिहा. आमच्या पहिल्या यादीत अशी नऊ पुस्तकं पहिल्या पुस्तकाच्या पोटात गडप झाली होती.

६. हस्तलिखित की शिळाछाप?

हा स्वतंत्र मुद्दा आहे कारण ह्यात जाणती माणसंही चुकतात. शिळाप्रेसवर (दगडावरून) छापलेली पोथी हुबेहूब हाताने लिहिल्यासारखी दिसते, कारण मूळ अक्षर लेखनिकाचंच असतं. भिंगाने बघा. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची छपाई असेल तर एका ओळीतले सगळे 'क' एकाच साच्यातले दिसतात आणि पानाच्या मागून बोट फिरवलं तर कधीकधी दाब लागतो. शिळाछापीत अक्षरं थोडी थोडी वेगळी, पण शाई सगळीकडे सारखी सपाट आणि मागे दाब नाही. खऱ्या हस्तलिखितात बोरू शाईत बुडवला की अक्षर गडद, मग फिकट, परत गडद, असा चढउतार दिसतो. आणि शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव असतं, ते वाचायचं लोक विसरतात! मुंबईचे गणपत कृष्णाजी दोन्ही तऱ्हेची छपाई करायचे, त्यामुळे छापखान्याच्या नावावरून प्रकार ठरवू नका, डोळ्याने बघून ठरवा.

७. छापखाना, प्रती, किंमत

छापखाना आणि प्रकाशक वेगळे लिहा. पुस्तक 'मिळण्याचे ठिकाण' म्हणून जो पत्ता असतो तो दुकानाचा, प्रकाशकाचा नव्हे. 'प्रती १०००' असं छापलं असेल तर जरूर नोंदवा, अभ्यासकांना तो आकडा सोन्यासारखा. किंमत 'किं. ८ आणे, ट. ह. १ आणा' (ट. ह. म्हणजे टपाल हशील) अशीच उतरवा, तिचे पैसे करत बसू नका.

नसलेली गोष्टही लिहायची असते. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण पुस्तकावर छापणं बंधनकारक केलं होतं. मग एखाद्या चोपड्यावर ते नाहीच, तर का नाही? आमच्याकडे १९३० च्या सुमाराचं राष्ट्रीय पद्यांचं एक आठ पृष्ठांचं चोपडं आहे, मुद्रक नाही, गाव नाही, किंमत नाही. सोलापुरात त्या वर्षीच्या मे महिन्यात मार्शल लॉ लागला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली, त्या दिवसांत असलं काही छापणारा आपलं नाव कशाला घालील. पण हा माझा तर्क. म्हणून पहिल्या खात्यात 'मुद्रकाचं नाव व ठिकाण छापलेलं नाही', दुसऱ्यात [सोलापूर? १९३०?]. पहिल्या यादीत मी तिथे नुसती आडवी रेघ मारली होती, आणि रेघेवरून कळत नाही की नाव छापलंच नाही, की पान फाटलं, की मी बघितलंच नाही.

८. आपल्या प्रतीवरच्या खुणा

लोक यालाच 'घाण' म्हणतात आणि पुसायला निघतात. पुसू नका! छापील मजकूर दुसरीकडे मिळेल, ही सही मिळणार नाही.

काय काय नोंदवायचं: मालकाची सही, शिक्का (गोल की लंबगोल, शाईचा रंग, आतली अक्षरं), शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी, 'सप्रेम भेट', दुकानदाराचं लेबल, जुने नंबर, समासातल्या टिपा, आत सापडलेलं काहीही. आमच्याकडच्या एका मराठी आरोग्याच्या पुस्तकावर गिरणीतल्या जॉबरची (मुकादमाची) तेलुगूत सही आहे, खाली कानडीत कुणीतरी उसनवारीचा हिशेब लिहिलाय आणि मागच्या पुठ्ठ्यावर मोडीत चार ओळी. एका पुस्तकावर तीन हात. कुठल्याही छापील सूचीत हे येणार नाही.

जी लिपी येत नाही ती अंदाजाने वाचायची नाही. लिहा: 'मागील पुठ्ठ्याच्या आत मोडी मजकूर, ४ ओळी, काळी शाई, वाचलेला नाही', आणि फोटोचा नंबर. तेलुगू-कानडी वाचणारा आपल्याकडे शेजारच्या बोळात मिळतो. मूळ लिपीत उतरवून घ्या आणि बाजूला देवनागरीत.

पुस्तकात सापडलेली चिठ्ठी, तिकीट, वाळलेलं पान ज्या दोन पृष्ठांमध्ये होतं ते आकडे आधी लिहा, मग काढा.

चोरीच्या दृष्टीनेही हेच रकाने उपयोगी. उद्या पुस्तक गेलं आणि कुठे विक्रीला दिसलं, तर 'पृ. १७ वर लंबगोल जांभळा शिक्का, पृ. ६३ चा खालचा कोपरा तिरका फाटलेला' एवढं लिहिलेलं असेल तर ते आपलं म्हणून सांगता येतं. याच कारणाने देणगीदाराचा पत्ता, पुस्तकाचा अंदाजे भाव आणि कपाटाचा खण ह्या गोष्टी लोकांना दाखवायच्या यादीत नकोत, त्या आतल्या रजिस्टरला.

९. अवस्था: विशेषणं नकोत

'खराब', 'बरी', 'जीर्ण' ह्या शब्दांतून कुणालाच काही कळत नाही. काय झालंय, कुठे, आणि मजकूर गेलाय का: 'पृ. १–३० वरचा कोपरा कसरीने खाल्लेला, मजकूर शाबूत', 'पाठ सुटलेली', 'पृ. ४५–४८ नाहीत'. बघितल्याची तारीख घाला, म्हणजे दोन वर्षांनी किडीने किती मजल मारली ते कळतं.

आणि नोंद होईपर्यंत बायंडरकडे एकही पुस्तक जाऊ देऊ नका. आम्ही आधी बारा पुस्तकं पाठवली होती. छान लाल कापडी बांधणी होऊन आली, कडा सरळ कापून, समासातल्या टिपा अर्ध्या कापून, आणि जुनी कागदी मुखपृष्ठं व मागच्या जाहिरातींची पानं फेकून. त्यातल्या तीन पुस्तकांचं साल आणि किंमत फक्त त्या मुखपृष्ठावर होतं. बायंडरचा दोष नाही, आम्ही सांगितलंच नव्हतं. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन याबद्दल तर बोलायलाच नको, हात जोडतो.

१०. दाते सूचीशी ताडून बघणं

शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं धरते, आणि पुढच्या खंडात १९३८ ते १९५०. मोठ्या ग्रंथालयात मिळते. प्रत्येक निवडक पुस्तक त्यात शोधा. सापडलं तर तिथला नोंदक्रमांक तुमच्या नोंदीत, पृष्ठसंख्या किंवा साल वेगळं असेल तर फरकासकट. सापडलं नाही तर 'दाते सूचीत आढळलं नाही' एवढंच लिहा. 'एकमेव प्रत' लिहू नका! सूचीत नाव वेगळ्या अक्षराखाली असू शकतं.

इंटरनेटवर त्याच पुस्तकाचं स्कॅन सापडलं की त्याची माहिती उचलून आपल्याकडे डकवायचा मोह होतो. ती बऱ्याचदा दुसरी आवृत्ती असते. ताडायला वापरा, आधी स्वतःचं पुस्तक बघून लिहा आणि मगच ते उघडा.

११. फोटो आणि कॉम्प्युटर

दुसऱ्या फेरीत फोटो किमान सहा: दोन्ही पुठ्ठे, पाठ, शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटचं छापील पान. शिवाय खुणा असलेलं प्रत्येक पान, बाजूला पट्टी ठेवून. फाईलला पुस्तकाचा नंबर द्या, मोबाईलने दिलेलं नाव ठेवलंत तर महिन्याने तुम्हालाच कळणार नाही.

टायपिंग युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपी फॉन्टात केलेली आमची एक फाईल आता उघडली की नुसती चिन्हं दिसतात. एक्सेलमध्ये नंबरचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर पुढचे शून्य गळतात, ००४५ चा ४५ होतो आणि फोटो जुळत नाहीत. रोज काम संपल्यावर एक कॉपी पेनड्राईव्हवर, एक ऑनलाईन, आणि दर शंभर नोंदींनी छापील प्रत काढून वाचनालयात. छापील प्रतीवर पुढची माणसं पेन्सिलने दुरुस्त्या करतात, त्या मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी फाईलमध्ये चढवतो. गेल्या महिन्यात तेलुगू वाचणाऱ्या एका आजोबांनी त्या जॉबरच्या सहीपुढे लिहून ठेवलं होतं: 'ही सही नाही, गावाचं नाव आहे.' ती नोंद अजून तशीच आहे, दुसऱ्या खात्यात, प्रश्नचिन्हासकट.